शैलाकाकूंची पसंती

आम्ही २००२ साली बॉनला आलो तेव्हा शैला दिघेंना तिथे दहा वर्षं झाली होती. ऱ्हाइनच्या पलीकडे, बॉयलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. नवरा श्रीधर टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला. शैलाताई मूळच्या ठाण्याच्या. तिथे सहकारी बँकेत नोकरी होती, ती सोडून आल्या. इथे आल्यावर कित्येक वर्षं व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती आणि ती मिळाली तेव्हा कुणी त्यांना कामावर घेईना. मूलबाळ नव्हतं. पण भाषा मात्र त्यांनी पक्की शिकून घेतली. आमच्यापैकी कुणाचंही जर्मन त्यांच्या पासंगाला पुरत नसे.

श्रीधरना कामासाठी गावोगावी जावं लागे, कधी हाम्बुर्ग, कधी बर्लिन, कधी म्युनिक. शैलाताई बरोबर जायच्या. ते दिवसभर मीटिंगमध्ये, आणि ह्या एकट्या. म्युझियमला जायचा त्यांना कंटाळा. त्या वस्त्या बघायच्या. ऊबानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, एखाद्या स्टेशनवर उतरायचं आणि दोन-तीन तास त्या भागातून नुसतं चालायचं. रस्त्यावर बाक आहेत का, घरांना किती पायऱ्या, संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर तिथे कोण उभं राहतं, असलं सगळं बघायचं आणि एका लांबट वहीत लिहून ठेवायचं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढे त्याचा उपयोग झाला. उन्हाळ्यात सगळ्यांकडे भारतातून आई-वडील, सासू-सासरे यायचे आणि त्यांना दोन-तीन दिवसांसाठी एखादं शहर दाखवायचं असायचं. हॉटेलं शेकडो, पण कुठल्या भागात राहावं ते कळत नसे. मग शैलाताईंना फोन. त्या आधी प्रश्न विचारायच्या. "सासूबाईंना जिने चढवतात का? पहाटे किती वाजता उठतात? चहाशिवाय किती वेळ दम निघतो? वडील एकटे फिरायला बाहेर पडतात का, आणि पडले तर रस्ता लक्षात राहतो का?" हे सगळं झाल्यावर त्या म्हणायच्या, "दोन दिवस द्या मला." आणि दोन दिवसांनी फोन यायचा: अमुक भाग, अमुक रस्त्याच्या आसपास बघा, तमुक ठिकाणी स्वस्त मिळालं तरी राहू नका. माझ्या सासऱ्यांना बर्लिनमध्ये त्यांनी सुचवलेल्या भागात ठेवलं होतं. मराठी सोडून एकही भाषा न येणारा तो माणूस तिसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रवाल्याला हात करून जात होता.

श्रीधर ह्या सगळ्याची चेष्टा करायचे. कुणाकडे जेवायला जमलो की म्हणायचे, "आमच्या घरी ट्रॅव्हल एजन्सी आहे, फक्त पाटी लावायची राहिली." शैलाताई हसून सोडून द्यायच्या.

शमिका २००४ मध्ये लग्न होऊन आली. तिचा नवरा हृषिकेश श्रीधरच्याच ऑफिसात होता. पोरगी चोवीस वर्षांची, नाशिकची, बडबडी आणि पहिल्याच हिवाळ्यात पार कोमेजलेली. शैलाताईंनी तिला पंखाखाली घेतलं. तिच्याबरोबर आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसा-कचेरीच्या, रांगेत उभ्या राहिल्या, तिला तिकिटाचं मशीन शिकवलं, भाषेच्या क्लासला जात नव्हती तर रोज सकाळी घरी जाऊन तिला उठवून नेलं. दिवस गेले तेव्हा पहिले पाच महिने ओकाऱ्या होत होत्या. फक्त शैलाताईंच्या हातचा मऊभात तिला टिकायचा, तर ह्या रोज ट्रॅममधून डबा घेऊन एंडेनिशला तिच्या घरी जायच्या. बाळंतपणात तिच्या आईला व्हिसा वेळेवर मिळाला नाही. हॉस्पिटलात शमिकाचा हात धरून शैलाताईच उभ्या होत्या. "ही माझी इथली आई," असं शमिका नवीन माणसाला ओळख करून देताना सांगायची, आणि ते ऐकताना शैलाताईंचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलेलं आहे.

२००७ च्या जूनमधली गोष्ट. शुक्रवारी मला सुट्टी असायची. सकाळी साडेआठला शैलाताईंचा फोन आला. आवाज वेगळाच.

"सुकन्या, माझ्या नावाची काही वेबसाइट आहे का गं?"

"आहे की," मी म्हटलं. "शमिकाची. का?"

मग त्या म्हणाल्या, "काय आहे त्यात?"

इथे मला माझं सांगायला हवं. ती वेबसाइट मी दोन महिन्यांपूर्वीच पाहिली होती. युरोपात फिरायला येणाऱ्या मराठी लोकांसाठी, कुठल्या शहरात कुठे राहावं ह्याची माहिती. जागोजागी पिवळ्या चौकटीत लिहिलेलं होतं, 'शैलाकाकूंची पसंती'. मला वाटलं, दोघींनी मिळून केलं असणार. आपल्याला काही बोलल्या नाहीत ह्याचा थोडा रागही आला होता. म्हणून मी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तू कॉम्प्युटर लाव. हाम्बुर्ग काढ आणि मला वाचून दाखव."

मी काढलं. पिवळी चौकट होती. वाचायला लागले: "हाम्बुर्ग, स्टेशनमागचा भाग. गाडीतून उतरलं की चालत पाच मिनिटं. आपली डाळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. वयस्करांनाही सोयीचं. शैलाकाकूंची पसंती." खाली एका हॉटेलचं नाव आणि फोटो.

"मी असं लिहिलेलं नाही," शैलाताई म्हणाल्या. वही त्यांच्या हातातच असणार, कारण त्या सलग वाचायला लागल्या. "स्टेशनमागचा भाग. दिवसा जाऊन किराणा आणायला उत्तम, आपली डाळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या मिळतात. राहायला नको. वयस्करांना तर नकोच नको." मग त्या म्हणाल्या, "शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्यात सुकन्या. दोन."

मग कळलं ते असं. न्यूर्नबर्गजवळ हेर्त्सोगेनआउराखला सत्यजित नावाचा एक मुलगा होता, बेअरिंगच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याचे आई-वडील, राजाभाऊ आणि मालिनीताई, पुण्याहून आले होते. राजाभाऊंनी सबंध आयुष्य माझगावच्या गोदीत काढलं होतं आणि हाम्बुर्गचं बंदर बघायचं त्यांच्या फार मनात होतं. सत्यजितला ऐनवेळी रजा मिळेना, म्हणून त्याने वेबसाइटवर बघून हॉटेल ठरवलं आणि दोघांना न्यूर्नबर्गहून गाडीत बसवून दिलं. शनिवारी तो स्वतः जाणार होता. आदल्या संध्याकाळी ती दोघं पोचली. हॉटेल चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मालिनीताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नव्हतं. खाली बार. दारात उभ्या असलेल्या बायका आणि त्यांच्याशी बोलणारी माणसं. जिन्यात एक पोरगा दंडाला पट्टा आवळून सुई टोचत बसलेला, त्याच्या अंगावरून त्यांना वर जावं लागलं. रात्री कुणीतरी दार चुकून त्यांच्याच खोलीचं दार बडवत राहिलं. राजाभाऊंनी दाराला टेबल लावलं आणि दोघं सकाळपर्यंत पलंगावर बसून होती. सकाळी त्यांनी मुलाला फोन केला आणि मुलाने कुणाकडून तरी नंबर मिळवून शैलाताईंना.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, काकू, तुमच्या नावावर विश्वास ठेवला हो आम्ही." एवढं सांगून त्या लगेच म्हणाल्या, "मी जाते तिकडे. त्याला पोचायला संध्याकाळ होईल. मी दुपारी पोचते."

मीही गेले त्यांच्याबरोबर. गाडीत पावणेपाच तास आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी दोनदा शमिकाचं नाव काढलं. त्या म्हणाल्या, "आधी ती दोघं." कोलोन मागे पडल्यावर त्यांनी फोनवरून एका पेन्झिओनच्या, म्हणजे छोट्या घरगुती गेस्ट हाउसच्या, बाईशी बोलणं केलं. जर्मन तेच नेहमीचं, स्वच्छ.

त्या हॉटेलच्या जिन्याला दारूचा आणि फिनेलचा वास येत होता. राजाभाऊंनी "कोण आहे?" असं तीनदा विचारून मगच दार उघडलं. उंच, ताठ माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला, पण पाय सुजलेले. मालिनीताई खिडकीशी बसल्या होत्या. आदल्या दुपारी गाडीत खाल्लेल्या दशम्यांनंतर दोघांच्या पोटात काही नव्हतं. खाली उतरायची भीती वाटत होती.

शैलाताई म्हणाल्या, "मी शैला दिघे."

मालिनीताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हीच का त्या काकू?"

"हो. पण ही जागा मी सांगितलेली नाही. कधीच सांगितली नसती."

"मग तिथे तुमचं नाव कसं?"

शैलाताई खाली वाकल्या आणि मालिनीताईंच्या चपला त्यांच्या पायाशी सरळ करून ठेवल्या. मग आम्ही त्यांना एकेक पायरी करत खाली आणलं. मालिनीताईंच्या उजव्या हाताला शैलाताई, डावीकडे मी. मागून राजाभाऊ दोन बॅगा घेऊन. चार मजल्यांना वीस मिनिटं लागली.

हाम्बुर्गच्याच होहेलुफ्ट भागातलं ते पेन्झिओन तळमजल्यावर होतं. समोर झाडं, कोपऱ्यावर औषधाचं दुकान. तिथून जवळच्या स्टेशनवर ऊबानमध्ये बसलं की न बदलता थेट बंदर. शैलाताईंनी मालकीणबाईकडून गरम पाणी मागून घेतलं, चहा केला, वरणभात शिजवायची परवानगी काढली. संध्याकाळी सत्यजित आला. तो दारातूनच बोलायला लागला होता, पण मालिनीताईंनी हात वर करून त्याला थांबवलं. "त्या बाई सकाळपासून जेवलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना वाढ."

दुसऱ्या दिवशी राजाभाऊंनी बंदर पाहिलं. म्हणे क्रेन बघत चार तास उभे होते. आम्ही तोवर परत निघालो होतो.

रविवारी दुपारी आम्ही दोघी एंडेनिशला शमिकाच्या घरी गेलो. हृषिकेश बाहेर गेला होता, बाळ आतल्या खोलीत झोपलेलं. शमिका नेहमीसारखी "काकू!" म्हणत पुढे आली, मग आमचे चेहरे बघून थबकली. तिच्यापर्यंत बातमी पोचलेली होती.

"मी तो भाग कालच काढून टाकलाय," ती म्हणाली. "खरंच सॉरी काकू. त्या हॉटेलवाल्याने फोटो चांगले पाठवले होते हो."

"माझी वही तुझ्याकडे कशी आली?"

"काकू, बसा ना आधी."

"तू माझं वाक्य अर्धं घेतलंस शमिका. 'नको' लिहिलं होतं मी. 'नको' काढून टाकलंस आणि खाली माझं नाव घातलंस."

"त्याला चार-पाच वर्षं झाली असतील काकू, भाग बदलतात. आणि हॉटेलवाल्याला आम्ही शब्द दिला होता की त्याचं नाव वर ठेवू. साइट चालवायची म्हणजे असं थोडं करावं लागतं." मग तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही तरी काय, सगळ्यांना फोनवर सांगतच होता ना? कुणालाही, ओळख नसलेल्या माणसालासुद्धा. मी फक्त एका जागी लिहून काढलं. तुमचं नावसुद्धा दिलं. मी ते माझं म्हणून खपवलं असतं तर?"

"मला विचारलं का नाहीस?"

शमिका माझ्याकडे बघायला लागली, जणू मी तिच्या मदतीला जाणार होते. मग म्हणाली, "काकांना विचारूनच केलंय सगळं."

शैलाताई उभ्याच होत्या. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"तुम्ही बाबांच्या आजारपणात ठाण्याला गेला होतात ना, गेल्या हिवाळ्यात? तेव्हा हृषिकेश बोलला काकांशी. काकांनीच वही ऑफिसात आणून दिली. दोघांनी तिथेच स्कॅन केली." आता तिला रडू यायला लागलं होतं. "मी म्हटलं होतं काकू, की त्यांना फोन करून विचारू. काकाच म्हणाले, तिला सांगू नका, ती उगाच नाही म्हणेल."

आत बाळ उठलं आणि रडायला लागलं. शमिका आत गेली. ती त्याला घेऊन बाहेर आली तेव्हा शैलाताई जिना उतरून खाली गेलेल्या होत्या.

ट्रॅममध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पूल आला, नदी आली, तेव्हा एकदाच म्हणाल्या, "नाही म्हणेन हे माहीत होतं त्यांना." मला वाटलं त्या शमिका-हृषिकेशबद्दल बोलताहेत. घराच्या दाराशी आल्यावर लक्षात आलं, त्या श्रीधरबद्दल बोलत होत्या.

घरात काय झालं ते त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. श्रीधर टेनिस बघत बसले होते. शैलाताईंनी टीव्ही बंद केला आणि विचारलं.

"हो, दिली होती," ते म्हणाले. "त्यात एवढं काय? नुसती पडून होती ती वही. पोरांनी विचारलं, म्हटलं काहीतरी उपयोग तरी होईल."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तिकडे वडिलांचं करत होतीस. आणि नंतर राहून गेलं."

"राहून गेलं नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत, तिला सांगू नका म्हणून."

श्रीधरना हे शमिका सांगेल असं वाटलं नव्हतं. मग म्हणाले, "अगं, तू हट्टी आहेस. तू म्हणाली असतीस हे तपासा, ते तपासा, पुन्हा जाऊन बघून येते. त्यांचं काही झालंच नसतं."

"अहो, मग ती दोन म्हातारी माणसं त्या खोलीत गेली नसती."

"ती चूक शमिकाची. माझी कशी?"

एकोणतीस वर्षांच्या संसारात शैलाताईंना वाटत आलं होतं की नवऱ्याला वहीचं कौतुक नाही एवढंच. चेष्टा करतो, करू दे. पण त्याने ती वही वाचली होती. त्यातलं महत्त्व त्याला बरोबर कळलं होतं, देण्यासारखं आहे हेही कळलं होतं. आणि देताना फक्त तिलाच वगळलं होतं. "चेष्टा परवडली गं," त्या मला म्हणाल्या. "मला खरंच वाटायचं, त्यांना काही कळत नाही त्यातलं."

पुढे जे झालं ते असं झालं. शमिकाने त्यांचं नाव साइटवरून काढून टाकलं. पण सत्यजितने त्या शुक्रवारी सकाळी, रागाच्या भरात, चार जणांना फोन केले होते, आणि त्या चौघांनी आणखी चाळीस जणांना सांगितलं. खरी गोष्ट कळल्यावर त्याने शैलाताईंची माफी मागितली. त्या चाळीस जणांना मात्र कुणी पुन्हा फोन केला नाही. दोन वर्षांनी म्युनिकमध्ये गणपतीत एका बाईंनी मला सांगितलं, "बॉनच्या कुणी दिघे आहेत म्हणे, हॉटेलवाल्यांकडून पैसे घेऊन लोकांना भलत्या वस्तीत पाठवतात." मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून वाटलं, बाईंना पहिली गोष्टच जास्त पटली होती.

फोन कमी झाले. जे यायचे त्यांना शैलाताई म्हणायच्या, "मला आता माहिती नाही." मलासुद्धा एकदा तसंच म्हणाल्या. मी वेबसाइट पाहूनही दोन महिने गप्प राहिले होते हे मी त्यांना नंतर कबूल केलं होतं. त्यांनी मान हलवली होती, पण त्यानंतर काही दिवस त्यांनी मला फोन केला नव्हता.

हृषिकेशची २००८ मध्ये बदली झाली. निघण्याआधी शमिका मुलीला घेऊन बॉयलला भेटायला गेली. शैलाताईंनी दार उघडलं, चहा केला, मुलीला मऊभात भरवला. तासभर शमिका इकडचं-तिकडचं बोलत होती आणि शैलाताई "हो का", "बरं" म्हणत होत्या. जाताना शमिकाने वाकून नमस्कार केला आणि तशीच वाकून रडत राहिली. शैलाताईंनी तिला खांद्याला धरून उभं केलं. "निघ आता," म्हणाल्या, "पाचनंतर ट्रॅमला गर्दी होते, बाळाची गाडी चढवता येणार नाही." दार लावल्यावर त्या तशाच आत उभ्या राहिल्या, खालच्या दाराचा आवाज येईपर्यंत.

२००८ मध्येच त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. श्रीधरनी द्रेस्डेनला जायचं ठरवलं. "हॉटेल कुठल्या भागात बघू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला आवडेल त्या."

त्यांनी तीन-चार दिवस इंटरनेटवर शोधलं. छापून कागद आणले, टेबलावर पसरून ठेवले. शैलाताई ते कागद बाजूला सारून भाजी चिरायच्या. शेवटी श्रीधरनी एक ठरवलं. खिडकीखालीच ट्रॅमचं वळण होतं, पहाटे चारपासून चाकं करकरायची. जवळ खायला काही नाही. पहिल्या सकाळी श्रीधर पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "जागा चुकली का गं?"

"ठीक आहे."

"नाही, सांग ना. तू असतीस तर कुठे राहिली असतीस?"

"ठीक आहे हो. दोन दिवसांचा तर प्रश्न."

परत आल्यावर त्या माझ्याकडे आल्या होत्या. आम्ही बाल्कनीत बसलो होतो. मी सहज विचारलं, खरं म्हणजे कुठे राहायला हवं होतं? त्यांनी लगेच सांगितलं. नदीच्या पलीकडे, नॉयश्टाटमध्ये, पण मोठ्या रस्त्यावर नाही, आतल्या बाजूला, जिथे चर्च आहे त्याच्या मागच्या दोन गल्ल्या. सकाळी ऊन कुठल्या बाजूला येतं तेही सांगितलं.

"मग त्यांना का नाही सांगितलंत? ते विचारत होते ना?"

"आता विचारत होते," शैलाताई म्हणाल्या आणि कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.